गाळ, पारा आणि वाणी : इशिमुरे मिचिको यांच्या ‘कुगाइ जोदो’चा विचार

जपानच्या दक्षिणेस क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर शिरानुई नावाचा जवळजवळ भूवेष्टित असा एक समुद्र आहे. त्याच्या काठावरील मिनामाता हे गाव जगाला दोन वाटांनी परिचित झाले. एक वाट वैद्यकाची व रसायनशास्त्राची. या वाटेवर ‘मिनामाता’ हे एका रोगाचे आणि अलीकडे एका आंतरराष्ट्रीय कराराचे नाव आहे. दुसरी वाट साहित्याची. इशिमुरे मिचिको (१९२७–२०१८) या लेखिकेचा ‘कुगाइ जोदो’ हा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि एका मासेमार वस्तीचे दुःख जपानी भाषेच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी वाट आहे. तथापि पहिल्या वाटेने काही अंतर चालल्याशिवाय दुसरीवर पाऊल ठेवता येत नाही, असे माझे मत आहे. या ग्रंथावरील बऱ्याचशा लेखनात रसायन एका वाक्यात उरकले जाते आणि लगेच ‘निसर्ग विरुद्ध आधुनिकता’ या ओळखीच्या चर्चेला आरंभ होतो. तसे केले की इशिमुरे यांनी नेमकी कोणती वाङ्मयीन अडचण सोडविली, हेच ध्यानात येत नाही.

प्रथम ‘गाळ’ हा शब्द पाहू. मराठीत ‘गाळणे’ या क्रियेशी त्याचे नाते उघड आहे. पाणी गाळून झाल्यावर जे मागे उरते, जे नको म्हणून बाजूला पडते, तो गाळ. या शब्दाच्या पोटात असा एक समज आहे की गाळ खाली बसला म्हणजे पाणी निवळले आणि प्रश्न मिटला. किनाऱ्याजवळच्या समुद्राचे रसायन या समजाच्या नेमके उलट चालते. नदीच्या वा नाल्याच्या पाण्याबरोबर आलेले जड धातू, म्हणजे पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम इत्यादी, पाण्यात फार काळ राहत नाहीत. मातीच्या सूक्ष्म कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला ते चिकटतात व तळाशी बसतात. पाण्याचा नमुना तपासला तर तो पुष्कळदा निर्दोष ठरतो, कारण जे तपासायला हवे ते खाली गेलेले असते. गाळ ही समुद्राची वखार आहे. आणि वखारीतला माल केव्हातरी बाहेर येतोच. भरती-ओहोटी तो ढवळते, तळाशी बिळे करणारे किडे तो उकरतात, शिंपले तो गाळून खातात. पाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. प्राणवायू नसलेल्या चिखलातील काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. स्वीडनमधील येन्सेन व येर्नेलोव्ह या संशोधकांनी १९६९ साली हे दाखवून दिले. योगायोग असा की ‘कुगाइ जोदो’चे प्रकाशनवर्षही हेच.

मिनामातात मात्र जीवाणूंची फारशी वाट पाहावी लागली नव्हती. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ऍसिटाल्डिहाइड हे रसायन बनू लागले. त्यासाठी पाऱ्याचे सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरीत असत, आणि त्या प्रक्रियेतच थोड्या पाऱ्याचा मिथिल पारा होत असे. हे सांडपाणी ह्याक्केन बंदराच्या नाल्यातून सरळ उपसागरात जाई. एकूण सुमारे ७० ते १५० टन पारा समुद्रात गेला, असा अंदाज केला जातो. नाल्याच्या मुखाशी साचलेल्या गाळात पाऱ्याचे प्रमाण दहा लक्ष भागांत २,००० भागांहून अधिक आढळले. पुढे जेव्हा गाळ काढण्याची वेळ आली तेव्हा दहा लक्षांत २५ भाग ही मर्यादा ठरविण्यात आली होती. त्या मर्यादेच्या हे प्रमाण ऐंशी पट होते.

मिथिल पारा गाळातून व पाण्यातून लहान जीवांत, त्यांच्यातून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याची दाटी वाढते. शेवटच्या पायरीवर माणूस आणि मांजर हे दोघे होते. शरीरात गेल्यावर हे द्रव्य प्रथिनांतील एका घटकाशी जोडले जाते आणि शरीराला आवश्यक अशा दुसऱ्या एका घटकाचे रूप धारण करते. या तोतयेगिरीमुळे मेंदूचे रक्षण करणारी रक्तवाहिन्यांची भिंत त्याला अडवीत नाही, गर्भाची वारही अडवीत नाही. शरीरातून निम्मे विष बाहेर पडायला साधारण ७० दिवस लागतात; पण जो रोज मासे खातो त्याच्या शरीरातील साठा कधी उतरतच नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते, चालताना तोल जातो, दृष्टीचा घेर आवळत जाऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागते, ऐकू येणे कमी होते, आणि जीभ जड होऊन बोलणे तुटते. या शेवटच्या लक्षणाकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे, कारण पुढील विवेचनाचा आधार तोच आहे. हा रोग वाणीवर आघात करतो. साक्षीदाराची साक्ष देण्याची शक्तीच तो काढून घेतो.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने, होसोकावा हाजिमे या तेथील प्रमुख डॉक्टरांच्या पुढाकाराने, मज्जासंस्थेच्या एका अज्ञात रोगाची वार्ता आरोग्य केंद्रास दिली. त्यापूर्वीच मच्छीमार वाड्यांतील मांजरे वेडीवाकडी नाचत, समुद्रात पडत मरत होती. जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी कारण सेंद्रिय पारा असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी खाऊ घातलेल्या, ४०० क्रमांकाच्या मांजरात तीच लक्षणे पाहिली. कंपनीने ती गोष्ट दाबून ठेवली. होसोकावा यांनी ती न्यायालयास सांगितली ती १९७० साली, रुग्णशय्येवरून, मृत्यूपूर्वी थोडे महिने. दरम्यान १९५८ मध्ये सांडपाण्याचे मुख नदीकडे वळविल्याने विष अधिक विस्तृत किनाऱ्यावर पसरले. डिसेंबर १९५९ मध्ये पाणी शुद्ध करणारे म्हणून एक यंत्र समारंभपूर्वक बसविण्यात आले व कंपनीच्या अध्यक्षांनी पेलाभर पाणी पिऊन दाखविले. यंत्र पारा काढण्यासाठी बनविलेलेच नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस रुग्णांशी ‘सहानुभूती-निधी’चा करार झाला. मृतामागे ३ लाख येन, आणि पुढे कंपनीचा दोष सिद्ध झाला तरी अधिक काही मागायचे नाही, अशी अट. (१९७३ च्या निकालात न्यायालयाने हा करार लोकनीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरविला.) ऍसिटाल्डिहाइडचे उत्पादन मे १९६८ मध्ये थांबले. ती पद्धती तोवर जुनी झाली होती. शासनाने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले ते त्यानंतर, सप्टेंबर १९६८ मध्ये. या क्रमाविषयी वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

इशिमुरे या गावच्याच. जन्म अमाकुसा येथला, बालपण मिनामातात, वडील पाथरवटाचे काम करणारे. काही काळ शाळेत शिकविले, मग संसार; विद्यापीठीय शिक्षण नाही. रुग्णांच्या वाड्यांत व रुग्णालयात त्यांचे जाणे-येणे सुरू झाले तेव्हा हातात ना वृत्तपत्राचे ओळखपत्र होते, ना संशोधनाची योजना. १९६० साली ‘सर्कल-मुरा’ या नियतकालिकात त्यांचे एक प्रकरण आले. १९६५ पासून वातानाबे क्योजी यांनी संपादिलेल्या ‘कुमामोतो फुदोकी’त ‘समुद्र आणि आकाश यांच्या मध्ये’ अशा अर्थाच्या शीर्षकाने लेखमाला आली, आणि तिचेच पुढे पुस्तक झाले. पुढील भाग दीर्घकाळ लिहिले जात राहिले. १९७० साली या ग्रंथास पहिले ओया सोइची ललितेतर-साहित्य पारितोषिक जाहीर झाले. इशिमुरे यांनी ते नाकारले. १९७३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लिव्हिया मॉने यांचा इंग्रजी अनुवाद १९९० मध्ये आला. भारतीय वाचकास हा ग्रंथ बहुधा त्याच वाटेने भेटतो.

‘ललितेतर’ हे विशेषण येथे महत्त्वाचे आहे, कारण वादाचे मूळ त्यातच आहे. पुस्तकात होसोकावांचा वैद्यकीय अहवाल आहे, शासकीय कागदपत्रे आहेत, वृत्तपत्रीय मजकूर आहे, आणि त्यांच्याच शेजारी रुग्णांची दीर्घ स्वगते आहेत. जपानीत ‘किकिगाकी’ म्हणजे ऐकून लिहिणे नावाचा एक प्रस्थापित प्रकार आहे. वाचकांनी स्वगते त्या प्रकारातली मानली. कोणीतरी बोलले आणि लेखिकेने टिपून घेतले, असे समजले. १९७२ च्या खिशी आवृत्तीस जोडलेल्या विवेचनात वातानाबे यांनी हा समज मोडून काढला. त्यांच्या प्रतिपादनानुसार ही स्वगते ध्वनिमुद्रणावरून उतरविलेली नाहीत. ग्रंथ वार्तापर नसून लेखिकेचा ‘वाताकुशी-शोसेत्सु’, म्हणजे आत्मनिष्ठ कादंबरी आहे. त्याविषयी विचारता इशिमुरे यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की ती माणसे मनातल्या मनात जे बोलत असतात ते अक्षरांत उतरविले की ते असेच होते.

तौलनिक साहित्याच्या वर्गात हा भाग आला की विद्यार्थी हमखास दोन गटांत विभागतात. एका गटाला हे उत्तर उद्धट वाटते : दुसऱ्याच्या मनातले तुम्हांला कसे कळले? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार कोणी दिला? प्रश्न रास्त आहे. मराठीत ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी हा प्रश्न आपल्यापुढे ठसठशीतपणे ठेवला आहे, आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर असे की ज्याचे दुःख त्यानेच सांगावे. परंतु मिनामातात हे उत्तर लागू पडत नाही. तेथे दुःखाचे स्वरूपच असे आहे की ज्याला ते झाले त्याची जीभ प्रथम गेली. ‘ज्याचे त्याने सांगावे’ हे तत्त्व येथे काटेकोरपणे पाळले तर उरते केवळ मौन आणि वैद्यकीय अहवाल. त्या मौनाचा लाभ कोणाला झाला असता, हे १९५९ च्या करारावरून दिसते.

‘युकी नावाच्या स्त्रीकडून ऐकलेले’ अशा आशयाचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने वाचावे. युकी अमाकुसाहून लग्न करून आलेली. नवऱ्याबरोबर होडीत जाणारी, वल्हे मारणारी. इशिमुरे आरंभी तिचे बोलणे जसे बाहेर पडते तसे दाखवितात : तुटलेली, ओढलेली, पुनःपुन्हा अडखळणारी अक्षरे. मग कोठेतरी, वाचकाच्या नकळत, अडखळणे थांबते. बोली वाहू लागते. युकी आपल्या होडीविषयी बोलते, मातीच्या मडक्यात सापडणाऱ्या आणि बाहेर यायला राजी नसलेल्या ऑक्टोपसांविषयी लाडाने बोलते, समुद्राच्या तळाशी ऋतूंप्रमाणे पालटणाऱ्या रानाविषयी बोलते. हे कागदावरचे ओघवते बोलणे त्या देहातून निघणे शक्य नाही, हे लेखिकेने आधीच दाखवून दिलेले असते. म्हणजे फसवणूक नाही. विषाने काय नेले याचे मोजमाप देण्याची ती एक रीत आहे. अहवालात ‘वाचादोष : तीव्र’ एवढीच नोंद असते. पुस्तकात, जे गेले ते आपल्यासमोर बोलू लागते. माझ्या मते ग्रंथातील सर्वांत मोठा वाङ्मयीन निर्णय हाच. निसर्गवर्णनाची जी स्तुती समीक्षक करतात ती मला तुलनेने दुय्यम वाटते.

मराठीत या प्रकाराची तुलना करायची तर अनिल अवचटांचे लेखन प्रथम आठवते. त्यांचे ‘पूर्णिया’ १९६९ चेच. अवचट स्वतः प्रसंगात हजर असतात. काय पाहिले, कोणी काय सांगितले, आपण कोठे गोंधळलो हे सरळ सांगतात, आणि त्या पारदर्शीपणावर वाचकाचा विश्वास उभा राहतो. इशिमुरे नेमके उलट करतात. निवेदिका विरघळून जाते. अवचटांच्या पद्धतीने मिनामाता लिहिता आले असते. युजीन व आयलीन स्मिथ यांची छायाचित्रे, त्सुचिमोतो नोरिआकी यांचे चित्रपट यांनी साक्षीदाराचे ते काम उत्तम केलेच आहे. मात्र त्या मार्गाने रुग्ण दिसतो, आणि दिसतो तो बाहेरून.

येथे इशिमुरे यांनी वापरलेल्या ‘मोदाए-गामी’ या स्थानिक कल्पनेचा विचार अपरिहार्य आहे. ‘मोदाए’ म्हणजे तडफड, तळमळ. ‘गामी’ म्हणजे देव. दुसऱ्याच्या संकटात जो काहीच करू शकत नाही, ज्याच्यापाशी पैसा नाही की विद्या नाही, पण जो नुसता त्याच्याबरोबर तळमळल्याशिवाय राहू शकत नाही, अशा माणसाला त्या भागात मोदाए-गामी म्हणत. निदान तळमळून तरी हातभार लावावा, ही त्यामागची धारणा. भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे ‘सहृदय’ ही संज्ञा आठवणे साहजिक आहे, आणि साम्य दाखवून मोकळे होण्याचा मोहही होतो. तो टाळावा. अभिनवगुप्तांचा सहृदय दुसऱ्याच्या शोकाशी तन्मय होतो ते त्या शोकाचे साधारणीकरण झाल्यामुळे. शोक कोणा एकाचा राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. मोदाए-गामीच्या तळमळीत साधारणीकरण नाही. दुःख त्या अमक्या घरातल्या अमक्या मुलीचेच राहते, आणि त्यातून आस्वाद निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ती अस्वस्थता, जी माणसाला पुनःपुन्हा त्या घरी नेते. ‘कुगाइ जोदो’ वाचताना जो अनुभव येतो त्याला ‘करुण रस’ म्हणणे मला अपुरे वाटते. सौंदर्य त्यात निश्चित आहे. पण त्या सौंदर्यात स्थिर होऊ पाहणाऱ्या वाचकापुढे पुढचेच पान पाऱ्याच्या प्रमाणाचे कोष्टक ठेवते.

आदिकवीची कथाही येथे वेगळी दिसू लागते. क्रौंचवधाच्या प्रसंगात शोकाचा श्लोक होतो, आणि तो श्लोक मुळात एक शाप आहे. शाप देता आला, कारण बाण दिसत होता आणि तो सोडणारा निषाद समोर उभा होता. मिनामातात निषाद म्हणजे मासेमारच बळी आहे, आणि बाण दिसत नाही. तो गाळात आहे, दहा लक्ष भागांत मोजला जातो, वीस वर्षांपूर्वी सुटला आहे. अशा अपराधाला शाप कोणाच्या नावाने द्यावा? आंदोलनात रुग्णांनी काळ्या कापडावर पांढऱ्या रंगात ‘ओन’ हे एकच अक्षर लिहिलेले ध्वज नेले. त्या ध्वजांची कल्पना इशिमुरे यांचीच. ‘ओन’ला मराठीत एक शब्द नाही. दीर्घकाळ मनात धरलेला, मेल्यावरही न शमणारा आक्रोश, असे काहीसे म्हणावे लागेल. नोव्हेंबर १९७० मध्ये ओसाका येथे कंपनीच्या भागधारकांच्या सभेत रुग्ण एकेक भाग विकत घेऊन शिरले, तेव्हा त्यांच्या अंगावर यात्रेकरूंचा पांढरा वेश होता, हाती मृतांच्या स्मृतिपट्ट्या होत्या आणि तोंडी ‘गोएइका’ ही तीर्थयात्रेची भजने. जपानी यात्रेकरूचा पांढरा वेश हे कफनही असते. शाप आणि भजन एकाच मिरवणुकीत चालले. हा संयोग आपल्या भक्तिपरंपरेच्या अभ्यासकाने आवर्जून पाहण्यासारखा आहे.

ग्रंथाच्या शीर्षकातही हाच संयोग आहे. ‘कुगाइ’ म्हणजे दुःखाचा समुद्र, आपल्याकडील भवसागराच्या कुळातील बौद्ध कल्पना. ‘जोदो’ म्हणजे शुद्ध भूमी, संस्कृत परंपरेतील अमिताभाची सुखावती. सामान्य समजुतीप्रमाणे समुद्र तरून पलीकडे सुखावतीस जायचे. इशिमुरे यांनी दोन शब्द मध्ये काहीही न घालता एकमेकांशेजारी ठेवले. ‘दुःखसागरातून सुखावतीकडे’ असा अनुवाद केला तर त्यांनी न दिलेले आश्वासन अनुवादकाने दिले असे होईल.

अनुवादाचाच विषय निघाला आहे तर बोलीचाही विचार केला पाहिजे. युकी मिनामाता-अमाकुसाच्या बोलीत बोलते. अहवाल तोक्योच्या प्रमाण जपानीत आहेत. दोहोंमधील अंतर हाच ग्रंथाचा कणा आहे. इंग्रजी अनुवादात हे अंतर बव्हंशी नाहीसे होते. मराठीला येथे एक अनुकूलता आहे. श्री. ना. पेंडशांपासून आपल्या प्रादेशिक कादंबरीने प्रमाण निवेदन व बोलीतील संवाद यांचा ताण वापरण्याची सवय वाचकाला लावली आहे, आणि किनाऱ्याच्या बोलींत मासे, जाळी, वारे, भरती-ओहोटी यांची शब्दसंपदा जिवंत आहे. पण अडचण त्याच जागी आहे. युकीला मालवणी बोलू दिली तर ती मालवणची होईल, वसईच्या कोळ्यांची बोली दिली तर वसईची. शिवाय मराठी वाचकाला मालवणी संवाद वाचताना ओठांवर किंचित हसू आणण्याची सवय रंगभूमीने लावून ठेवली आहे. ती येथे घातक ठरेल. माझा कल कोणतीही एक बोली उचलण्यापेक्षा प्रमाण मराठीचेच क्रियापद सैल करून, वाक्याचा क्रम मोडून बोलीचा श्वास आणण्याकडे आहे. भाषांतरकाराला तो पटेलच असे नाही.

वैद्यकशास्त्र आणि लोकाचार यांची एक भेट या इतिहासात घडली, ती विलक्षण आहे. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, असा वैद्यकाचा दीर्घकाळ विश्वास होता. म्हणून ज्या मुलांनी कधी मासा खाल्ला नाही त्यांच्या जन्मजात अपंगत्वाचे निदान ‘मेंदूचा पक्षाघात’ असे होत राहिले. त्यांच्या आया मात्र म्हणत होत्या की आम्ही खाल्लेले विष मुलाने ओढून घेतले. हारादा मासाझुमी (१९३४–२०१२) या तरुण डॉक्टरांनी त्या बोलण्याकडे लक्ष दिले आणि १९६२ साली गर्भावस्थेतील मिनामाता रोग मान्य झाला. पुरावा पुढे मिळाला तो घरोघरच्या पेट्यांतून. बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवण्याची जपानी प्रथा आहे. त्या नाळा तपासल्या असता, कोणत्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नाळेत किती मिथिल पारा, याचा आलेख कारखान्याच्या उत्पादनाच्या आलेखामागोमाग चढताना आढळला. कागदोपत्री नोंदी नसलेल्या वस्तीने नकळत आपले दप्तर सांभाळले होते. मातांच्या ज्या म्हणण्याला शास्त्राने ‘भावना’ म्हणून बाजूस ठेवले तेच शेवटी खरे ठरले. इशिमुरे यांच्या ‘मनातले बोलणे’ लिहिण्याच्या पद्धतीविषयी निकाल देण्यापूर्वी समीक्षकाने हे ध्यानात घ्यावे.

गाळाचे पुढे काय झाले? १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लक्ष घनमीटर गाळ उपसून उपसागराच्या आतल्या भागात पोलादी भिंतींच्या मागे भरण्यात आला, वर प्लास्टिकचे आवरण व माती घालण्यात आली, आणि ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. तेथे आता उद्यान आहे. उपसागरातील दूषित मासे पकडून पिंपांत भरले व त्याच भरावाखाली पुरले. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये उपसागराच्या तोंडाशी लावलेले जाळे १९९७ मध्ये काढले. म्हणजे विष नष्ट झालेले नाही. ते एका जागी झाकून ठेवले आहे, आणि पोलादाला आयुष्याची मर्यादा असते.

या भरावावर ऑगस्ट २००४ मध्ये इशिमुरे यांचे ‘शिरानुई’ हे नो-नाट्य मोकळ्या आकाशाखाली झाले. नो रंगभूमीवर मृतात्मा येऊन आपली कथा सांगतो, ही त्या प्रकाराची जुनी रीत. पायाखाली खरोखरच मृतांचा समुद्र असलेली रंगभूमी मात्र विरळा. त्याच भरावावर ओगाता मासातो या मासेमाराने व त्याच्या सहकाऱ्यांनी कोरलेल्या लहान दगडी मूर्ती आहेत. ओगातांचे वडील १९५९ मध्ये याच रोगाने गेले. १९८५ मध्ये ओगातांनी स्वतःचा रुग्ण म्हणून मान्यतेचा अर्ज मागे घेतला, आणि २००१ च्या आपल्या पुस्तकाला ‘चिस्सो म्हणजे मीच होतो’ अशा अर्थाचे नाव दिले. कारखान्याच्या वस्तूंवर उभे असलेले जीवन आपणही जगतो, त्या जागी आपण असतो तर आपणही तसेच वागलो असतो का, असा त्यांचा प्रश्न. एका बळीने तो विचारावा यात मोठेपणा आहे. इतरांनी त्याचा आधार घेऊन कंपनीचा दोष पातळ करावा, यात तो नाही. आणि तसे होताना दिसते.

आपल्या किनाऱ्याचा संबंध येथे दूरचा नाही. उल्हास नदीच्या खाडीत क्लोरिन व कॉस्टिक सोडा बनविणाऱ्या, पारा वापरणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे गेले, आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील गाळात नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट पारा नोंदविला आहे. भारताने पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली. मराठी साहित्यात खाडी पुष्कळदा येते; मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ हे त्याचे लक्षणीय उदाहरण. तेथे खाडीचा चिखल दारिद्र्याची आणि वस्तीच्या उघड्या जगण्याची पार्श्वभूमी आहे. चिखल हाच एक कर्ता आहे, तो माशांवाटे ताटात येतो, ही जाणीव वेगळी, आणि तिला वेगळी कथनरीत लागते. ती कोणती, याचा विचार कोळी समाजातील लेखकांनी करावा हे उचित. इशिमुरे यांचा नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण त्यांच्या रुग्णांपाशी वाणी नव्हती आणि येथे ती आहे.

मिनामातातील वाद आजही न्यायालयांत चालू आहेत. अधिकृत मान्यता मिळालेले रुग्ण, नीगाता येथील दुसऱ्या प्रादुर्भावातील धरून, सुमारे ३,००० आहेत. १९९५ च्या तडजोडीने व २००९ च्या कायद्याने ज्यांना काही साहाय्य मिळाले त्यांची संख्या हजारोंनी अधिक आहे. १९७७ च्या निकषांत अनेक लक्षणे एकत्र असण्याची अपेक्षा होती. केवळ संवेदनेचा विकार असला तरी मान्यता नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने १२८ फिर्यादींचे म्हणणे मान्य केले. मार्च २०२४ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने १४४ जणांची मागणी फेटाळली. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. साठ वर्षांपूर्वी कोणी कोणत्या किनाऱ्यावरचे मासे किती खाल्ले याची नोंद कोणापाशी नसते. आहे ती वृद्ध माणसांची आठवण. ती पुरावा म्हणून किती धरावी, यावर दोन न्यायालयांची मते निराळी पडली.